नऊ सीटचा परवाना

वडापच्या जीपवाल्यांचे किस्से त्यांच्या जीपसारखेच असतात. आता भरलं असं वाटतं, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "जरा सरका," आणि आणखी एक बसतो. दिल्लीहून कायद्याची पदवी घेऊन मी वारूळवाडीला परत आले आणि नारायणगावात, जीपस्टँडच्या अगदी समोर, एक खोली घेऊन वकिलीचा बोर्ड लावला. आमच्या घरी टीव्हीवर शोभेची फुलं नसत, राज्यघटनेची प्रत असे. त्यामुळे तालुका सुधारायला मला फार तर एक वर्ष लागेल असं वाटत होतं. त्या वर्षात पक्षकार मोजके आले, किस्से मात्र रोज आले.

*

परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी निमगाव सावाला मावशीकडे निघाले होते. जीप नामदेवभाऊंची. परवाना नऊ प्रवाशांचा. मी मोजले तर आम्ही सतरा होतो, मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळे. पुढे नामदेवभाऊंच्या डाव्या हाताला तिघे आणि उजव्या हाताला, दाराला टेकून, आणखी एक. नामदेवभाऊ मधे तिरके, एका कुल्ल्यावर. उजवीकडे वळायचं झालं की दाराजवळचा पावणा न सांगता हात बाहेर काढून मागच्या गाड्यांना दाखवायचा.

मी विचारलं, "भाऊ, गाडी नक्की कोण चालवतंय?"

"मीच की, ताई," ते म्हणाले. "हात दाखवायचं तेवढं पावण्याकडं दिलंय."

*

मला वाटलं, यांना नियमच ठाऊक नसतील. म्हणून दर सोमवारी चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली ड्रायव्हरांचा वर्ग सुरू केला. कार्डबोर्डवर तीन रंगांचा सिग्नल स्वतः रंगवून नेला आणि विचारलं, लाल दिवा लागला की काय करायचं?

सगळ्यांनी पंडितकडे पाहिलं. शेवटी पंडित बोलला. पंडित म्हणजे स्टँडवरचा सगळ्यात तोंडाळ ड्रायव्हर. त्याचं म्हणणं असं, की आपल्या आणि शेजारच्या, दोन्ही तालुक्यांत मिळून असा एक दिवा नाही, तर आधी दिवा लावा, मग आम्ही थांबू.

"आन् लावला तरी," तो म्हणाला, "हितं आठ आठ तास लाइट नसती. तवर काय चौकातच बसायचं का?"

पुढच्या सोमवारी वर्गाला दुप्पट ड्रायव्हर आले. मला वाटलं विषय पटला. ते पंडितला ऐकायला आले होते.

*

मग नामदेवभाऊंना आरटीओची नोटीस आली. जादा प्रवासी भरताना ते चार वेळा पकडले गेले होते, आणि वारंवार तोच गुन्हा करणाऱ्याचं लायसन रद्द करण्याची कायद्यात सोय आहे. रद्द का करू नये, याचा खुलासा समक्ष येऊन करायचा होता. वीस वर्षांत स्टिअरिंगखेरीज त्यांनी हातात काही धरलं नव्हतं. लायसन गेलं असतं तर उरलं असतं ते दुसऱ्याच्या जीपच्या मागे उभं राहून "जुन्नर, जुन्नर" ओरडणं.

असतील नसतील ते सगळे कागद आणा, असं मी सांगितलं. ते प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. आत दंडाच्या चारही पावत्या, लॅमिनेट केलेल्या.

"या कशाला?"

"साहेबांना दाखवायला. चारदा पकडला, चारीदा दंड भरला. एक बुडवला न्हाई. असा ड्रायव्हर त्यांना घावंल का दुसरा?"

फाइल मी माझ्याच कपाटात ठेवली.

खरं सांगायचं तर मला तो कायदा पटत होता. सतरा जणांत मीही बसले होते. म्हणून मी एक अट घातली. केस घेते, पण आजपासून नऊच.

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "ताई, नऊ म्हंजी जीप मोकळीच की."

"मग मोकळी चालवा."

ते उठून गेले. संध्याकाळी कळलं, त्यांनी दोन फेऱ्या वाढवल्या होत्या.

*

बोरी बुद्रुकच्या सोनामावशी भाजी विकून, रिकामी पाटी घेऊन स्टँडवर आल्या आणि नेहमीसारख्या जीपमध्ये शिरल्या. त्या दहाव्या होत्या. नामदेवभाऊंनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून उभे राहिले.

"मावशे, उतर. माझं लायसन जाईल."

"माझं कुठं जातंय?" मावशी म्हणाल्या. "मला न्हाईच."

अर्धा तास जीप हलली नाही. आतल्या नऊ जणांनी आधी नामदेवभाऊंचा उद्धार केला, मग मावशींचा, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे सगळं वकीलताईंचं काम, आणि नऊच्या नऊ माना माझ्या बोर्डाकडे वळल्या. शेवटी मावशी उतरल्या. रस्ता ओलांडून सरळ माझ्या ऑफिसात आल्या, पाटी टेबलावर ठेवली आणि पुढची जीप लागेपर्यंत मी इथंच बसणार, असं जाहीर केलं. चहाही त्यांनीच मागवला.

त्या दिवसापासून नामदेवभाऊंचा प्रत्येक दहावा प्रवासी माझ्याकडे येऊन बसू लागला. बाहेर बोर्ड वकिलाचा, आत प्रतीक्षालय!

*

सुनावणी मंचरच्या विश्रामगृहात, आरटीओ साहेबांच्या कॅम्पमध्ये होती. मी आधी पोहोचले. नामदेवभाऊ पंडितच्या जीपमधून, स्टँडवरचे साक्षीदार घेऊन येणार होते.

साहेब कमी बोलणारे. गेले तीन महिने हा माणूस नऊच्या वर एकही प्रवासी घेत नाही, असं मी पोटतिडकीनं सांगितलं. ते म्हणाले, "हे तुमचं म्हणणं झालं. पुरावा?"

तेवढ्यात खिडकीसमोरच्या अंगणात जीप येऊन थांबली. पंडित उतरला. सोनामावशी उतरल्या. मग माणसं उतरतच राहिली. साहेबांनी पेन खाली ठेवून मोजायला सुरुवात केली.

"एकोणीस," ते म्हणाले. "हे तुमचे साक्षीदार?"

"हो."

"कशाचे?"

मी खिडकीतून पुन्हा पाहिलं. त्या एकोणिसांत नामदेवभाऊ नव्हतेच. वीस मिनिटांनी ते आले, एसटी स्टँडवरून धावत, घामाघूम. लायसन टेबलावर ठेवून मान खाली घालून उभे राहिले. उशीर का झाला, असं साहेबांनी विचारलं. उत्तर दारातून पंडितनं दिलं, तक्रार केल्यासारखं.

"साहेब, आमी किती म्हनलं बस. पुढं जागा धरून ठिवली व्हती. पर ह्यो मानसं मोजीत बसला, म्हनला भरली, आन् गेला एसटीला."

"लई हट्टी झालाय," सोनामावशी म्हणाल्या. "मला बी उतरिवतो."

साहेबांनी नोटीस समोर घेतली. मग तिच्यावर 'ताकीद देऊन प्रकरण बंद' असं लिहून त्यांनी सही केली आणि लायसन उचलून नामदेवभाऊंच्या हातात दिलं.

आम्ही निघणार, तोच त्यांनी नोटिशीचा एक कोरा फॉर्म पुढे ओढला, दाराकडे पाहिलं आणि विचारलं,

"बाहेरची जीप कोणाची?"