सुभेदारांनी मोबाईल गोळा केले

दयाबाई भिंगारदिवे कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं राहुरीत सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! बाईंनी प्राथमिक शाळेची सगळी नोकरी ऊन-पावसात सायकल हाणत केली, आडदांड पोरांना नुसत्या नजरेनं खाली बसवलं. नवरा फिलिप ऐन उमेदीत वारला तरी हातपाय गाळले नाहीत. पण एकुलता एक जोशुआ फौजेत भरती झाला आणि भीतीनं त्यांच्या घरात बिऱ्हाड थाटलं ते कायमचंच. फोन वाजला तरी छातीत धडधड, नाही वाजला तरी धडधड.

निवृत्तीनंतर त्या सायकलवाल्यांच्या मंडळात गेल्या. मंडळाचे म्होरके निवृत्त सुभेदार श्रीमंत औटी. ते वर्षातून एकदा सगळ्यांना नगरहून पारनेरच्या खेड्यापाड्यांतून फिरवायचे आणि वाटेतल्या प्रत्येक स्मारकापाशी उतरायला लावायचे. कुठे वेशीवर जुनी दगडी पाटी, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके परत आले नाहीत. कुठे अलीकडेच गेलेल्या पोराचा रंगवलेला पुतळा, गळ्यात सुकलेला हार. पाटीवर नावं असली की दयाबाईंनी हजेरी घ्यायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला 'हजर' म्हणायचं. तो मान त्यांचाच. हजेरीचा आवाज दुसऱ्या कुणाला होताच कुठे?

यंदा निघायच्या दिवशी सकाळी टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती. वर डोंगरात लष्कराची गाडी दरीत कोसळली होती. नावं अजून जाहीर झालेली नव्हती. जोशुआ तिकडेच होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. घरात बसलं तर भिंती खायला उठतील म्हणून बाई निघाल्या खऱ्या, पण कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. बोललं की खरं होतं, असं त्यांना वाटत होतं. एरवी चर्चच्या महिला मंडळात अंधश्रद्धेवर भाषण देणाऱ्या त्याच, हा भाग वेगळा.

सुप्याच्या पुढच्या चढाला रुपाली त्यांच्या शेजारी आली. ही त्यांचीच विद्यार्थिनी. हिला सायकल त्यांनीच शिकवलेली, शाळेच्या मैदानावर सीट मागून धरून. हिचा नवरा अमृतही फौजी.

"बाई, ह्ये सुट्टीला आले की त्यांना बी सायकल घ्यायला लावते," ती धापा टाकत म्हणाली. "नुसत्या मिशा वाढवल्यात. चढ लागला की कळंल."

बाईंनी हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या स्मारकापाशी सगळे पाणी पीत असताना सुभेदारांचा फोन वाजला. ते लिंबाखाली जाऊन बोलले, म्हणजे बोलले कुठले, नुसतं ऐकत ताठ उभे राहिले. परत आले ते टेम्पोतली कापडी पिशवी घेऊनच. हा टेम्पो पंक्चर सायकली उचलायला दिवसभर मागून यायचा.

"स्मारकापाशी मोबाईल नको," ते म्हणाले. "आजपासून नियम. सगळ्यांनी पिशवीत टाका."

कुणी कुरकुरलं, कुणी फोटो काढायचे राहिले म्हणालं. सुभेदारांची नजर दयाबाईंवर आली आणि लगेच खाली गेली. बाईंनी आपला मोबाईल पिशवीत टाकला आणि काय ते ओळखलं.

कारण हा नियम आजचा नव्हता, आणि बाईंना तो चांगला ठाऊक होता. या भागात फौजी गेला की आधी सरपंचाला कळतं, मग माजी सैनिकांना, मग सगळ्या गावाला. घरच्या बाईला सगळ्यांत शेवटी. तोवर तिचा मोबाईल लपवतात, टीव्हीची वायर काढून ठेवतात, आणि माहेरची माणसं येईपर्यंत कुणीतरी तिला जेवू घालतं, कारण पुढे किती दिवस तिच्या पोटात अन्न जाणार नाही, सांगता येत नाही. शेजारच्या बनुबाईंचा मुलगा गेला तेव्हा ते जेवू घालणं दयाबाईंकडे आलं होतं. बनुबाई नंतर एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, ती भाकर अजून गळ्याखाली उतरली न्हाई बघा."

पुढच्या गावात पुतळ्याखाली नावं होती. बाई सवयीनं पुढे झाल्या. सुभेदारांनी हात आडवा धरला. "आज हजेरी नको, बाई. नुसतं उभं राहू."

मग तर बाईंचा धीरच सुटला. पाय पॅडल मारत होते, पण रस्ता दिसत नव्हता. नाव कसं लिहितील पाटीवर? जोशुआ फिलिप भिंगारदिवे. पेटी राहुरीला कधी येईल? त्याचे शाळेतले बूट अजून माळ्यावर आहेत, ते आता काय करायचे? प्रभू, माझा नको, माझा नको, एवढंच त्या सगळ्या चढभर म्हणत राहिल्या.

फाट्यावरच्या खानावळीत सुभेदारांनी सायकली थांबवल्या. "इथंच जेवून घ्या. सगळ्यांनी. पोटभर." पिठलं-भाकरीचं ताट पुढ्यात आलं आणि बाई उठल्या. टेम्पोच्या मागे सुभेदार एकटेच उभे होते.

"सुभेदार, मी बनुबाईंना जेवू घातलंय. मला हे सगळं माहीत आहे. माझा जोशुआ ना?"

सुभेदार दचकले. "न्हाई, न्हाई बाई! तुमचा न्हाई. तुमच्या पोराचं नाव न्हाई त्यात."

"देवा, तुझे उपकार!" बाई ओरडल्याच. हसू आणि रडू एकदमच फुटलं. टेम्पोला धरून त्या हसत राहिल्या, पदरानं डोळे पुसत, पुन्हा हसत.

"बाई, हळू," सुभेदार कळवळून म्हणाले. "आपल्या रुपालीचा अमृत गेला. कालच वर बदली झाल्ती, घरी कळवलं न्हवतं. तिचा भाऊ गाडी घेऊन निघालाय. तोवर चार घास तिच्या पोटात जाऊ द्या. तुमचं ऐकंल ती. मला न्हाई जमायचं."

बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. पण ते आधीच खानावळीत रुपालीच्या कानावर गेलं होतं. ती पिठल्याचा हात तसाच घेऊन पळत आली.

"जोशुआचा निरोप आला ना? सुभेदारांच्या फोनवर?" तिनं बाईंना मिठीच मारली. "मला म्हाईत हुतं! सकाळपासनं तुमचं तोंड बघतीया. गाडीची बातमी मला बी शेजारनीनं सांगितली हुती. आमचे तिकडं न्हाईत, खाली हायेत. पन जोशुआ तिकडं हाय म्हनून मी मोहट्याच्या देवीला बोलले, आई, बाईंच्या लेकराला सांभाळ. खनानारळानं ओटी भरीन म्हनलं."

दयाबाईंना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण दिवसभर काय मागत होतो, आणि या पोरीनं काय मागितलं. तिच्या पाठीवर ठेवलेला हात त्यांना काढता येईना.

"चल," त्या कशाबशा म्हणाल्या. "भाकरी गार होतेय तुझी."

"गार बी चालंल आज. आपला पोरगा वाचला."

बाईंनी तिला रस्त्याकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. रुपाली बोलत होती, हसत होती, मिरचीचा ठेचा मागत होती. बाई तिच्या खांद्यावरून फाट्याकडे बघत होत्या. लांब वळणावर धूळ उठली. एवढी भाकरी संपू दे देवा, मग येऊ दे गाडी, असं त्या मनात म्हणाल्या, आणि त्यांनी रुपालीच्या ताटात अजून थोडं पिठलं वाढलं.