रेघ दिसली की लोक दाबतात

नाशकात वेबपेजवर माझ्याइतकी सरळ रेघ कुणी मारत नाही! म्हणजे, मारतो कॉम्प्युटर. मी नुसता शब्दाच्या अलीकडे रेघ सुरू करायचा आणि पलीकडे ती बंद करायचा टॅग, म्हणजे कॉम्प्युटरला कळणारी खूण, टाकतो. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता हात थरथरतो, म्हणून पुतणीच्या, केतकीच्या, गंगापूर रोडवरच्या ऑफिसात वेबपेजेस सजवतो. माझी नववी त्याला पुरते. किस्से मात्र इतके साचलेत, की सांगायचाही कंटाळा येतो.

*

महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढायची, हा आम्हा पेंटरांचा रिवाज. एका दातांच्या डॉक्टरच्या पेजवर मी ‘दुखत नाही’खाली ओढली. पेशंटचा फोन. “दाबलं तरी काहीच होत नाही!”

“मग खरंच लिहिलंय की!” मी म्हणालो.

केतकीनं कपाळ धरलं. “काका, वेबवर रेघ दिसली की लोकांना वाटतं, दाबल्यावर नवीन पान उघडणार. अक्षर जाड करा, रंग द्या. रेघ नको!”

*

निफाडचे एक द्राक्षबागायतदार आले. मी विचारलं, “यातला कुठला शब्द महत्त्वाचा?”

“सगळेच! बिनकामाचं लिहीन कशाला?”

सगळ्यांखाली रेघा ओढल्या. पेजची एकरेघी वही झाली. लोक द्राक्षं सोडून रेघाच दाबत बसले!

*

एकदा टॅग बंद करायचा राहिला. रेघ सुटली ती थेट पेजच्या तळापर्यंत.

“उघडलेलं बंद करायचं असतं, काका.”

“फ्रिजचं दार तरी मी कुठं बंद करतो? काकूला विचार!”

केतकी हसली नाही. “आता एक जरी तक्रार आली, तर कीबोर्ड काढून घेईन. घरी बसा.”

घरी! दमलोय खरा, पण घरी कुणाची खोडी काढू? बायकोची काढायची हिंमत नाही.

*

महिनाभर शहाण्यासारखा वागलो. मग केतकीनं माझ्या जुन्या पाट्यांच्या फोटोंचं पेज केलं. ती जेवायला गेली आणि माझे हात शिवशिवले. माझ्याच नावाखाली रेघ. एकच!

दुसऱ्या दिवशी फोन. केतकीनं स्पीकरवर टाकला. देवळ्याचा बापू, माझ्याबरोबर पाट्या रंगवायचा तो.

“सकाळधरनं तुझं नाव दाबून ऱ्हायलो. उघडंना!”

केतकीनं माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

“बापू, ते नुसतं नाव हाय. दाबू नको!”

“चाळीस वर्षं पाटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढं नाव टाकलं आपण, कुणी ढुंकून पाह्यलं नाय. आज तुझं लय भारी दिसून ऱ्हायलंय, तर दाबू बी नको?”