वखरावरून लाटेवर

शहरात, राजापेठेत राहून मला गाडी चालवता येत नाही, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग कीव करतात. आमच्या गल्लीत साठीच्या बायका स्कूटीवर भाजी आणतात. मी पन्नाशीला आले तरी ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांमधून जीव मुठीत धरून पायी जाते. माझा तोल कच्चा आहे, हे मी नऊ वर्षांची असल्यापासून धरून चालले होते.

तेव्हा नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या वावरात बाबा वखर हाकायचे. वखराचं पातं, म्हणजे लोखंडी पास, जमिनीत नीट घुसावी म्हणून वजनाला मला वखराच्या खोडावर उभं करायचे. एके दिवशी मी मागच्या मागे पडले आणि डोकं ढेकळावर आपटलं. बाबांनी मला उचलून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसवलं आणि पुन्हा कधी चढू दिलं नाही. त्यानंतर भाऊ उभा राहायचा आणि मी त्याच्याकडे बघून जळायचे.

अशा बाईला मुलीने यंदा कोकणात लाटेवर उभं करायचं ठरवलं. ती तिकडे नोकरीला आहे आणि दर रविवारी सर्फिंग करते. किनाऱ्यावर पोचल्यावर मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोर समुद्र दिसला. आमच्याकडे एवढं अफाट फक्त वावर असतं, आणि ते जागचं हलत नाही. हे तर उठून चालत येत होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं.

शिकवणारी पोरगी तिथल्याच कोळ्यांची. वाळूवर तिने मला मागून हलकेच ढकललं, तर माझा उजवा पाय पुढे पडला. "काकू गूफी आहेत," ती म्हणाली. फळीवर उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला त्यांच्यात गूफी म्हणतात. आपटून पाण्यात गेलं की तो वाइपआउट. त्यात मी पहिल्याच दिवशी तरबेज झाले. लाट छान मिळाली की अंगठा आणि करंगळी ताठ करून मूठ हलवायची. दोन दिवस सगळे एकमेकांना मूठ हलवत होते. मी नाकातोंडातलं पाणी काढत होते.

तिसऱ्या, शेवटच्या सकाळी ती म्हणाली, "काकू, तुम्ही पाय बघता. किनाऱ्याकडे बघा."

बाबा हेच ओरडायचे: "खाली काय पाहून राहिली? समोर पाह्य."

मी फळीवर पालथी पडले, हात बरगड्यांशी. तिने ढकललं. लाटेने मागून फळी उचलली आणि मी किनाऱ्यावरच्या एका माडावर नजर लावून उठले. गुडघे वाकलेले, उजवा पाय पुढे, वखरावर असायचा तसाच. पायाखालचा अख्खा समुद्र मला ओढून नेत होता, आणि त्याला ना बैल होते ना कासरा. एवढं मोठं काहीतरी मला पाठीवर घेऊन चाललंय, याचं इतकं नवल वाटलं की ओरडायचंही सुचलं नाही. वाळू लागेपर्यंत मी पडले नाही. मागे वळले तर ती पोरगी मूठ हलवत होती. मी रडत रडत माझी हलवली.

गावी गेल्यावर मुलीने काढलेला व्हिडिओ बाबांना दाखवला. ऐंशीच्या घरातले बाबा तो तीनदा बघून म्हणाले, "तोल चांगला हाये तुया."

"वखरावरून पडली होती ना मी, तीच हाव," मी म्हटलं.

त्यांनी फोन परत दिला. "तू आपल्यानं नव्हती पडली. तू नीट उभी रायच्या आधी म्याच बैलाले पराणी टोचली. तुले लागलं, मी भेलो. मंग चढूच नाही देल्लं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मला राग आला, चांगलाच आला. चाळीस वर्षं मी पायी चालले होते. पण त्यांची मान खाली गेली होती, ती मला बघवेना.

अंगणात भाचीची स्कूटी होती. मी किल्ली मागितली. बाबा काठी टेकत मागोमाग आले आणि स्कूटीच्या बाजूला उभे राहिले.

"समोर पाह्य," ते म्हणाले.