दोन्ही कान दिसू द्या

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गेली तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतात. त्यांच्याच दुकानात छपाई आणि कापाकापी मी बघतो, त्यामुळे यातलं काहीही ऐकीव नाही. मान सरळ, नजर समोर, हसायचं नाही, दोन्ही कान दिसू द्या, मागे पांढरा पडदा. एवढ्यावर त्यांनी संसार केला. घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यालाही ते हनुवटीला दोन बोटं लावून सरळ करतात.

त्यांना आयुष्यात एकच सल. गिऱ्हाईक फोटो हातात घेतं, तोंड वाकडं करतं आणि म्हणतं, "हा मी वाटतच नाही." मुरुम पुसलेले, रंग दोन छटा उजळलेला, तरी तेच. "एकदा कोणीतरी म्हणावं रे, हा तोच आहे म्हणून," भावोजी मला म्हणत. "मग दुकान मिटलं तरी चालेल." त्यावर ताई आतून विचारायची, की आधी बायकोचा एक बरा फोटो कधी निघणार.

दुकानाबाहेर पाटी आहे: कोणाचाही फोटो दहा मिनिटांत. एका सकाळी मत्स्यालयाच्या संचालक बाई स्वतःच्या फोटोसाठी आल्या आणि पाटी वाचून म्हणाल्या, "माशांचासुद्धा?" त्यांनी थट्टा केली होती. भावोजींना थट्टा कळत नाही. ते म्हणाले, "कोणाचाही."

निघालं असं, की बाईंना खरंच गरज होती. मत्स्यालयात तीन मजली उंच नवी टाकी झाली होती. आत बांधलेलं प्रवाळ आणि चाळीस जातींचे रंगीत मासे. समोरच्या भिंतीवर एकेका जातीचा हातभर फोटो लावायचा होता. काचेबाहेरून काढले की फोटोत बघ्यांचीच तोंडं उमटत. आत उतरणारा हवा होता आणि भावोजींना पोहता येत होतं. एवढ्यावर काम ठरलं.

टाकीत रोज उतरून माशांना भरवणारा एक पाणबुड्या होता. कामापुरतंच बोलणारा, केस कायम ओले. त्याने पंधरा दिवसांत भावोजींना नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. सोळाव्या दिवशी भावोजी कॅमेरा जलरोधक डब्यात घालून टाकीत उतरले, आणि काखेत ताईची पांढरी चादर. काचेबाहेर उभं राहून मी कपाळाला हात लावला.

चादर प्रवाळावर पसरली, कोपऱ्यांना दगड बांधले. पाणबुड्याने समोरून खाणं धरायचं, मासा वळला की भावोजींनी चाप दाबायचा. माशाला कान नसतात ही अडचण त्यांनी आदल्याच दिवशी सोडवली होती: छातीशी असतात ते दोन पर म्हणजे कान. दोन्ही पर दिसले नाहीत तर फोटो बाद. एका निळ्या माशाला त्यांनी पाऊण तास थांबवलं, तोवर दुसऱ्याने चादरीचा काठ कुरतडला. पण संध्याकाळी भावोजी खुशीत होते. "डोळे मिटत नाहीत रे," ते म्हणाले. "तीस वर्षांत इतकं शहाणं गिऱ्हाईक नाही पाहिलं."

मग संगणकावरचं काम. टाकीतल्या निळ्या दिव्यांखाली लाल रंग मरतो, लालभडक मासा काळपट दिसतो. तो लाल परत आणायचा म्हणजे एकेक छटा डोळ्यांनी जोखत वर ओढायची. हे त्यांनी सुरेख केलं, खोटं कशाला बोलू. पण हाताची सवय जाते कुठे? लाल आणला आणि वर सगळ्यांना दोन छटा उजळ केलं. ठिपके पुसले. पट्टे सुरकुत्या समजून नाहीसे केले. पोपटमाशाचे दात कायम बाहेर असतात, त्याचं तोंड मिटवलं. चाळीस मासे, गोरेपान, गंभीर, सरळ समोर बघणारे.

संचालक बाईंनी फोटो टेबलावर मांडले आणि बराच वेळ चष्मा पुसला. मासा बाजूने ताटाएवढा असला तरी समोरून बोटभर पट्टी दिसतो. टेबलावर चाळीस पट्ट्या होत्या, प्रत्येकीला दोन डोळे.

"याच्या कपाळावर काळा डाग असतो," बाई कशाबशा म्हणाल्या. "त्यावरूनच तो ओळखतात."

"काढला," भावोजी म्हणाले. "त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही."

बाईंनी आठ दिवसांची मुदत दिली. डाग परत घाला, खरे रंग द्या, आणि मासे बाजूने घ्या.

पहिल्या दोन गोष्टी भावोजींनी ऐकल्या. रोज काचेसमोर खुर्ची टाकून, मांडीवर संगणक घेऊन, मासा बघत एकेक रंग पुन्हा लावला. उजळलेलं उतरवलं, पोपटमाशाला दात परत दिले. डाग परत घालताना त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. पण बाजूने फोटो म्हटलं की ते हट्टाला पेटत.

"बाजूने फोटो पोलीस काढतात," ते म्हणाले. "चोरांचे. या बिचाऱ्यांनी काय केलंय?"

"अहो, मासे आहेत ते," ताई म्हणाली. "भिंत हातची जाईल. तिथे हजार माणसं बघतील, एखादा तरी म्हणेल तुम्हाला हवं ते."

"गालाकडे बघून माणूस ओळखतात का?" भावोजींनी विचारलं. ताई उठून आत गेली. मी चार गोष्टी सुनावल्या, त्याही वाया गेल्या.

नवव्या दिवशी बाईंनी काम दुसऱ्याला दिलं. त्याने दोन दिवसांत चाळीस मासे बाजूने काढले, झकास काढले. भिंत भरली, लोक बोटं दाखवू लागले. भावोजी एकदाच जाऊन बघून आले आणि घरी न जेवता झोपले. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम.

आमचे फोटो परत आणायला मीच त्यांना घेऊन गेलो. गठ्ठा टाकीमागच्या, खाणं कापायच्या खोलीत ठेवला होता. आत पाणबुड्या सुरी बाजूला ठेवून, ओल्या हातांनी एकेक फोटो ओट्यावर मांडत होता. आम्ही दारात आहोत हे त्याच्या लक्षात नव्हतं. रोज भरवताना सगळे मासे त्याच्याकडे समोरूनच येत. बाजूने त्यांना बघायला त्याला सवड कधी मिळणार?

एका पट्टीवर बोट ठेवून तो स्वतःशीच हसला.

"हा तोच," तो म्हणाला. "माझं बोट चावणारा. आणि हा दुसऱ्याच्या तोंडातलं पळवणारा. हाही तोच."

भावोजी दाराला धरून उभे राहिले. मी गठ्ठा उचलायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला सगळे बघू दे."