मागून मारलेली हाक

कानाचं मशीन बसवायचं काम शिकायला मी जर्मनीला चालले आहे, हे ऐकून नारपोलीतल्या आमच्या नातेवाइकांना हसू आवरेना. "कानातला मल काडायला एवढ्या लांब?" काकाने विचारलं. त्याला समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. तीन वर्षांचं शिक्षण होतं. काही दिवस शाळा, बाकीचे दिवस एका दुकानात उमेदवारी. वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात शाळेत आमच्याच कानांची तपासणी झाली. बाई तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द बोलायच्या आणि मी तो परत म्हणायचा. मी सारखी कागदाच्या कडेने वाकून बघत होते. शेवटी बाई वैतागल्या. "कान तपासतोय आपण, डोळे नाही." माझे कान ठणठणीत निघाले. पण ऐकायचं तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, असंच मला तोवर वाटत होतं. आमच्या घरात तसंच ऐकतात. खाली कापड विणायचे लूम, वर आम्ही. लूम चालू असताना हाका मारून घसा बसण्यापलीकडे काही होत नाही. समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड मोठं करून बोलायचं आणि उरलेलं हातांनी सांगायचं. अंगठा ओठाला लावला की चहा. बोटावर बोट फिरवलं की धागा तुटला. मी त्यातच वाढले, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे मला कोणी सांगेपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी जेवताना लक्षात आलं, की वडिलांना कोणी मागून हाक मारलेली मी कधी पाहिलीच नाही. आणि फोनवर ते "जेवलीस का?" एवढंच विचारतात आणि लगेच फोन आईकडे देतात. मी गेले म्हणून ते रुसलेत, असं मी धरून चालले होते. खरं तर थोडी मीही रुसले होते.

सुट्टीत घरी आले आणि शुक्रवारची वाट पाहिली, कारण शुक्रवारी आमचे लूम बंद असतात. वडील पाठमोरे बसून लूमला तेल देत होते. मी मागून हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग ओरडलेच. ते तेल देत राहिले. दारातून आई म्हणाली, "पुडं जा ना गो, पाठून काय बोलतेस?" तिला सगळं ठाऊक होतं. त्याला बहिरेपण म्हणतात, एवढंच तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा वडील भडकले. "तिकडं शिकून आली नि पयला गिऱ्हाईक बापच गावला काय?" मग अबोला धरला. सुट्टी संपत आली आणि मी नाद सोडून दिला, तेव्हा एकदा चहा पिताना आपणच म्हणाले, "फोनवर तुजा बोलना कलत न्हाय मना. म्हनून आयशीला देतो." मला रडूच आलं.

धामणकर नाक्याजवळच्या डॉक्टरकडे तपासणी झाली. मशीन आलं. त्यांच्या कानात ते मी माझ्या हाताने बसवलं आणि परत गेले.

आता फोनवर ते बोलतच सुटतात. तिकडे थंडी किती, बाई रागावतात का, दुकानात म्हातारेच येतात की तरुणही. मला हेच हवं होतं. त्यांचा फोन आला की मी अजूनही हातातलं काम टाकते.

परवा मात्र आईने त्यांच्या हातून फोन घेतला आणि ती गॅलरीत गेली.

"मशीन बरा हाय," ती म्हणाली. "आतल्या खोलीतून बोलला तरी हो म्हनतान. टीव्ही बगत हो, मोबाईल बगत हो." मग आवाज उतरवून म्हणाली, "आदी माजा कायपन आयकायचा तर तोंडाकडं बगायला लागायचा त्यांना."

शेवटी तिने विचारलं,

"तिकडं बसून त्या मशीनचा आवाज जरा कमी करता येतो का गो?"

येतो. मोबाईलवरूनही करता येतो. नुकतंच शिकले होते मी ते.

"नाही येत," मी म्हणाले.