कोरा कोपरा

आमच्या ताईच्या थोरल्या दिरांइतकी बारीक नजर असलेला माणूस उभ्या मुंबईत दुसरा नव्हता, आणि असलाच तर तो कधी मुलुंडला येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला नाही. हे मी आदराने लिहितो आहे, कारण त्या नजरेचा जाच मी दोन वर्षं एका घरात राहून सोसला आहे. घाटकोपरच्या एका बँकेत मला नोकरी लागली आणि मी ताईकडे राहायला आलो. दोन खोल्या, ताई, तिचे यजमान आणि हे थोरले दीर. घरात सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मरोळच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांच्या रेघा कागदावर ओढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बाकीच्या जगाच्या रेघा तपासायच्या, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्यांचं माप म्हणजे सूत. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत, आणि त्याहून मोठ्या चुका त्यांच्या मते माणसं जाणूनबुजूनच करत. ताईची पोळी एका अंगाला सूतभर लांब, भिंतीवरचं कॅलेंडर अर्धा सूत कललेलं, माझा भांग दीड सूत उजवीकडे. हे ते रागाने सांगत नसत. डॉक्टर ताप किती आहे ते सांगतो तितक्या शांतपणे सांगत आणि उठून कॅलेंडर सरळ करत. त्यांचं लग्न का झालं नाही याचं कारणही ताई हेच सांगायची. तरुणपणी ते गिरगावात एक मुलगी पाहायला गेले होते. मुलगी देखणी, पोहे उत्तम, दोन्हीकडची मंडळी खूश. मुलीच्या वडिलांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? हे म्हणाले, "विचारायचं नाही. पण ती आजोबांची तसबीर डावीकडे दोन सूत उतरली आहे. खिळा बदला." आजोबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. त्या घरातून पुढे काही निरोप आला नाही. मी एकदा धीर करून दादांना विचारलं, की मुलगी दिसायला कशी होती? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाले, की काही आठवत नाही, पण खिळा चुकीचाच होता.

असा माणूस बॅडमिंटनकडे वळला यात नवल नाही. त्यांनी जन्मात रॅकेट हातात धरली नव्हती. पण लाकडी फरशीवर चुन्यासारख्या पांढऱ्या रेघा आखलेल्या आणि प्रत्येक क्षणाला काहीतरी त्या रेघांच्या आत किंवा बाहेर पडतंय, हे दृश्य त्यांनी एकदा पाहिलं आणि मग वीस वर्षं त्यांच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. जिल्ह्याच्या स्पर्धा असोत की शाळांच्या, मागच्या रेघेच्या बरोबर समोर, स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ते बसायचे. टाळी नाही, आरडाओरडा नाही. शटल उतरू लागलं की ते हळूच "गेलं" किंवा "आत" एवढंच म्हणायचे, आणि तेही शटल जमिनीला लागायच्या आधी. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं की योगायोग असेल. मग मी मोजायला बसलो. बेचाळीस वेळा मोजलं आणि कंटाळून सोडून दिलं, कारण ते एकदाही चुकले नाहीत. आमच्या बाजूचे प्रेक्षक लाइन्समनची खूण पाहायच्या आधी मान वळवून त्यांच्याकडे पाहत. माझ्या अंगावर तर काटा यायचा.

मात्र खेळाडूंची तोंडं त्यांना ठाऊक नव्हती. नजर कायम रेघेवर असल्यामुळे खेळाडू त्यांना घोट्यापर्यंतच माहीत. एकदा हॉलच्या कँटीनमध्ये राज्याचा माजी विजेता त्यांच्या शेजारी येऊन चहा मागू लागला. आम्ही सगळे हातातले वडे विसरून बघत राहिलो. दादांनी त्याला रांगेत उभं राहायला सांगितलं. मग त्यांची नजर खाली गेली, आणि एकदम हात जोडून म्हणाले, "अरेच्चा, तुम्ही होय. डाव्या बुटाची टाच रेघेवर घासता तुम्ही. गेल्या वर्षी कमी होती, आता वाढली आहे." तो गृहस्थ चहा न पिताच गेला, पण जाताना दाराशी थांबून त्याने आपला डावा बूट उचलून पाहिला होता.

खरी मजा सामना संपल्यावर. स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्हा प्रेक्षकांची बैठक बसायची. तिथे मुख्य वक्ते म्हणजे बोरिवलीचे एक केमिस्ट. दुकान भावावर सोडून ते स्पर्धेसाठी इतक्या लांब यायचे आणि मनगट, कमरेची लवचीकता, स्मॅशमागचं धैर्य यावर तास तास बोलायचे. त्यांचं बोलणं संपलं की दादा पिशवीतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढत. प्रत्येक सामन्याचा त्यांनी एक नकाशा केलेला असे. कोर्ट अचूक प्रमाणात आखलेलं, आणि शटल जिथे जिथे पडलं तिथे पेन्सिलीचा ठिपका. एकाच खेळाडूचे चार-पाच नकाशे ते एकावर एक ठेवत आणि ट्यूबलाइटसमोर धरत. त्या उजेडात माणसाचा स्वभाव दिसायचा हो. कोण घाईत नेटजवळ टाकतो, कोण दमल्यावर उजवीकडेच जातो, सगळं त्या ठिपक्यांत उमटलेलं. केमिस्ट पाच मिनिटं गप्प बसत, जे करवून घेणं त्यांच्या बायकोलाही कधी जमलं नसावं.

त्या नकाशांतला सगळ्यात जाड गठ्ठा एका मुलीचा होता. आमच्या समोरच्या सोसायटीतला वॉचमन मूळचा मालवणचा. गिरणी बंद पडल्यावर तो हे काम करू लागला होता, आणि ही त्याची मुलगी. दहा वर्षांची असल्यापासून दादा तिचे सामने कागदावर उतरवत होते. ती भराभर वर आली, पण तिच्या सगळ्या नकाशांत एक गोष्ट तशीच राहिली. समोरच्या कोर्टाचे तीन कोपरे ठिपक्यांनी काळे, आणि मागचा एक कोपरा साफ कोरा. तिथे टाकायचं तर आपल्या मागच्या कोपऱ्यातून बॅकहँडने लांब टॉस मारावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद किंवा हिंमत तिच्यात नव्हती. दादा तिच्याशी आयुष्यात एकदाच बोलले होते. हॉलच्या जिन्यात तिला थांबवून त्यांनी सांगितलं होतं, "तुझा एक कोपरा कोरा आहे." ती घाबरून घरी पळाली होती.

आणि मग त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा आमच्याच भागात भरल्या. लाइन्समन कमी पडत होते. वर्षानुवर्षं वरच्या पायरीवरून येणाऱ्या त्या "गेलं"ला कंटाळलेल्या संयोजकांनी दादांना सांगितलं, की एवढं दिसतंय तर खाली येऊन बसा. आठ दिवस घरात तालीम चालली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल, स्टुलावर दादा, आणि बाहेरच्या खोलीतून मी शटल फेकायचो. बाहेर पडलं की दोन्ही हात आडवे पसरून "आऊट", आत पडलं की न बोलता उजव्या हाताने रेघेकडे बोट. तिसरीही एक खूण असते. लाइन्समनला दिसलंच नसेल तर त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, म्हणजे निर्णय पंचाकडे जातो. ती खूण त्यांनी एकदाही केली नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "ती इतरांसाठी आहे."

मुलगी सेमीफायनलला पोचली. तिचा बाप ताईच्या दारात येऊन सांगून गेला, "चेडू फायनलाक पोचला तर कॅम्पाक धाडतलंय. नायतर टायपिंगची नोकरी. माझ्याच्यान आता जमाचा नाय." म्हणजे पोरगी फायनलला पोचली तरच राष्ट्रीय प्रशिक्षणाचा कॅम्प, नाहीतर खेळ बंद; त्या एका सामन्यावर सगळं होतं. दादांना तिच्याच सामन्याला मागच्या रेघेवर बसवलं तेव्हा त्यांनी एक नेम केला. त्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकावरून न जाता मागच्या गल्लीतून ते हॉलवर गेले, आणि खुर्चीवर बसल्यावर रेघेवरून नजर हलवली नाही. तिची दोन शटलं त्यांनी केसभराच्या फरकाने बाहेर दिली. स्टँडमधलं अख्खं मुलुंड त्यांच्या नावाने ओरडलं. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

तिसरा गेम. तेव्हा मुलींचा गेम अकराचा असे; दहा-नऊ, सर्व्हिस तिची. एक पॉइंट मिळाला की फायनल. रॅली लांबली, समोरच्या मुलीने तिला मागे, बॅकहँडच्या कोपऱ्यात ढकललं. आता ही नेहमीसारखी मऊ ड्रॉप टाकणार आणि समोरची नेटवर वाट बघत उभी. आमच्या मुलीने पाठ नेटकडे केली, हात वर नेला आणि हॉलभर घुमेल असा आवाज झाला. बॅकहँडचा टॉस. शटल उंच गेलं आणि थेट त्या कोपऱ्याकडे उतरू लागलं, जो सात-आठ वर्षं कोरा होता. दादांच्या खुर्चीसमोरचा कोपरा. पडलं. माझ्या शेजारी केमिस्ट म्हणाले, "आत. दोन सूत आत." त्यांच्या तोंडून सूत हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. हजारभर माणसांनी ते पाहिलं होतं. पंचाने मान वळवली आणि आम्ही सगळ्यांनी दादांकडे पाहिलं.

दादांनी दोन्ही हात उचलले आणि डोळे झाकले.

हॉलमध्ये नुसता गोंधळ उडाला. पंचालाही नीट दिसलं नव्हतं, त्यामुळे पॉइंट पुन्हा खेळायला लावला. मुलीचं लक्ष उडालं. सर्व्हिस गेली, मग गेम गेला, मग सामना गेला. मी जागेवरच बसून राहिलो. नुसतं बोट रेघेकडे करायचं होतं. कोणी शंका घेतली नसती, आणि ते खरंही ठरलं असतं. पण ज्या माणसाच्या नजरेवर लोक पैजा लावत, त्याने हजार माणसांसमोर मला दिसलं नाही म्हणून सांगितलं. एवढी हिंमत मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

खाली गेलो तेव्हा दादा अजून खुर्चीवरच होते. मुलगी टॉवेल गळ्यात टाकून सरळ त्यांच्याकडे आली. डोळे लाल झालेले. म्हणाली, "काय हो काका, झोपला होतात काय?"

"नाही गं," दादा म्हणाले. "तुला बघत होतो."

ती उभी राहिली. मग टॉवेलने नाक पुसलं आणि विचारलं, "मग? कसा बसला?"

"झकास," दादा म्हणाले. हा शब्दही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. ती रडता रडता हसली आणि गेली.

कॅम्पला ती गेली नाही. नोकरी लागली, लग्न झालं. सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्याच हॉलमध्ये ती लहान मुलींना शिकवू लागली, आणि सगळ्यात आधी त्यांना बॅकहँड शिकवते असं कानावर आलं. दादा परत वरच्या पायरीवर बसले नाहीत. ते नेटच्या बाजूला, मधोमध बसू लागले. तिथून एकही रेघ धड दिसत नाही. उडप्याकडच्या बैठकीत "आत होतं की बाहेर" म्हणून कोणी विचारलं तर केमिस्टांकडे बोट दाखवायचे.

लग्नानंतर मी बोरिवलीला गेलो आणि मुलुंडला जाणं वर्षातून दोन-तीनदा होऊ लागलं. अशाच एका दिवाळीत दादांनी पलंगाखालून ती गुंडाळी काढली आणि त्या सामन्याचा, नंतर आठवणीने काढलेला नकाशा माझ्यासमोर पसरला. तीन कोपरे काळे, चौथा कोराच. मी म्हटलं, दादा, सगळ्या जगाने पाहिलं की आत होतं, आता तरी ठिपका काढा.

"आत होतं हे मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "शटल खाली यायच्या आधी तिच्या तोंडावरच दिसलं मला. पण तोंड बघून ठिपका काढायचा नसतो रे."

मला गिरगावातली ती मुलगी आठवली. मी विचारलं, तो टॉस मारला तेव्हा ही कशी दिसत होती? या वेळी त्यांना आठवावं लागलं नाही. कपाळावरचे केस घामाने चिकटलेले, एका वेणीची रिबीन सुटलेली, मारून वळली तेव्हा खालचा ओठ दाताखाली धरलेला, आणि शटल हवेत असतानाच तो ओठ सुटून ती हसायला लागलेली. सगळं त्यांनी सावकाश सांगितलं, मधे थांबून पुन्हा सांगितलं. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर चांगलं दोन सूत कललेलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही ते सरळ करायला उठलो नाही.