परमिट येईपर्यंत

दुपारी अडीचला कोळशाचा बेल्ट बंद होता आणि बॉयलरच्या बंकरमध्ये तासाभराचाच कोळसा उरला होता. बंकर रिकामा झाला की युनिट बंद. नागपूरजवळच्या त्या वीज प्रकल्पात मी शिफ्टचा प्रमुख होतो, त्यामुळे वरच्या साहेबांचे फोन मलाच.

बेल्टचा रोलर बदलायला ठेकेदाराची पाच माणसं लागली होती. अशा कामाला परमिट लागतं. मोटरच्या स्विचला कुलूप, किल्ली आमच्याकडे, परमिटचा कागद सुपरवायझरकडे. काम झालं की त्याने स्वतः यायचं, माणसं बाहेर आल्याची सही करायची, मगच कुलूप निघतं. पण बेल्ट आमच्या कंट्रोल रूमपासून लांब. म्हणून फोनवर "झालं" म्हटलं की कुलूप काढायचं आणि सही संध्याकाळी घ्यायची, अशी पद्धत पडली होती. पडली कसली, मीच पाडली होती.

सुपरवायझर मेश्रामचा फोन आला. "साहेब, काम झालं. सगळे बाहेर आले."

"गजभिये, कुलूप काढ," मी म्हणालो.

प्रीती गजभिये माझी ज्युनिअर इंजिनीअर. नोकरीला सहा महिने झालेले. किल्ली घेऊन उभीच राहिली.

"परमिट कुठं आहे सर?"

"येईल संध्याकाळी. काढ तू."

"कागद नाही तर माणसं तरी पाहू द्या मले."

"काहून? मेश्राम खोटं बोलून राहिला का? युनिट बंद पडलं तर तू जबाब देशील?"

सगळ्या शिफ्टसमोर ओरडलो. तिचे डोळे भरले. किल्ली हिसकावून घ्यावी असंही मनात आलं. ते आठवलं की आजही लाज वाटते. "मी पाहून येते," म्हणाली आणि निघून गेली.

पंधरा मिनिटांनी तिचा फोन. "सर, चारच आहेत बाहेर. पाचवा माणूस पाना विसरला होता, तो घ्याले शूटमध्ये गेला." शूट म्हणजे कोळसा बेल्टवर पडतो ते लोखंडी नळकांडं. मेश्राम खोटं बोलला नव्हता. त्याने फोन केला तेव्हा पाचही जण बाहेरच होते.

मी खाली बसलो. माणूस बाहेर आला, कागदावर सही झाली, बेल्ट सुरू झाला. युनिटही वाचलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी बोलावलं. "मेश्रामवर टाकून द्या. ठेकेदाराचा माणूस आहे, विषय संपला."

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, सही न घेता फोनवर कुलूप काढायची पद्धत माझी.

"वानखेडे, काहून आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊन राहिले?"

"साहेब, धोंडा आधीच मारला होता. आता फक्त सांगून राहिलो."

माझी शिफ्ट गेली, मला ट्रेनिंग विभागात बसवलं. मेश्रामची नोकरी राहिली. जाण्याआधी सगळ्यांसमोर मी गजभियेची माफी मागितली. म्हटलं, तुझ्या हिमतीमुळे एक माणूस वाचला.

ती म्हणाली, "हिंमत कसली सर. तुम्ही अजून एकदा ओरडले असते ना, तर मी कुलूप काढून दिलं असतं."

आता नव्या इंजिनीअरांना मी परमिट शिकवतो. त्याला अर्धा तास पुरतो. साहेबाला नाही कसं म्हणायचं, हे शिकवताना दिवस कमी पडतो. आणि त्या वर्गाला साहेब लोक येत नाहीत.